कासवाचा धनी

रत्नम्माला कामावरून काढलं तेव्हा इंचराने तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. ओट्याकडे तोंड करूनच तिने सांगितलं, की उद्यापासून येऊ नकोस आणि किल्ली ठेवून जा. रत्नम्मा त्या घरात इंचराचे वडील होते तेव्हापासून भांडी घासत होती. म्हाताऱ्याच्या शेवटच्या आजारात तिने त्यांना भरवलंही होतं. तिने पदराला हात पुसले, किल्ली ओट्यावर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "अक्का, मी या घरातलं खरकटं बाहेर नेलं. गोष्टी नाही नेल्या."

इंचराला ते पटलं नाही. पटावं तरी कसं? बसवेश्वरनगरच्या त्या फ्लॅटमध्ये ती आता एकटीच राहत होती. नवरा रुद्रेश उगादीच्या पाडव्याआधी बॅग भरून आईकडे निघून गेला होता. भांडण तसं नेहमीचंच होतं. कुठे होतीस, उशीर का झाला, फोन का उचलला नाहीस, अशी उलटतपासणी रोज संध्याकाळी व्हायची. दातांच्या प्रयोगशाळेत दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांचे खोटे दात कोरून आलेल्या इंचराला त्या दिवशी उत्तर द्यायचा कंटाळा आला. ती नुसती गप्प बसली. रुद्रेशला वाटलं, चार दिवस घर सोडलं की ही रडत फोन करील. तिने फोन केला नाही. आठवडे गेले, महिने गेले, तरी केला नाही. त्याच्या जिव्हारी लागलं ते हेच.

फोन यायचे ते सासूबाईंचे, गिरिजम्मांचे. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. एकदा म्हणाल्या, "खाट हॉलमध्ये ओढून झोपतेस म्हणे? जाणाऱ्यायेणाऱ्याने काय म्हणावं?" खाट तिने उकाड्यामुळे आदल्याच आठवड्यात ओढली होती. मग एकदा, वडिलांची खोली उघडलीस वाटतं, असं विचारलं. इंचरा तापाने आडवी पडली, घर चार दिवस तसंच राहिलं, तर दावणगेरेच्या एका लग्नात कोणीतरी तिच्या मावसबहिणीला म्हणालं, रुद्रेशच्या बायकोने घराचा उकिरडा केलाय, तिचं डोकं ठिकाणावर नाही. भांडी घासायला येणारी रत्नम्मा सोडली तर घरात कोणी आलेलं नव्हतं. किल्ली दुसऱ्या कोणाकडे असेल तर ती एकट्या रत्नम्माकडे. कुठे पाणी मुरतंय हे कळायला याहून जास्त काय लागतं? म्हणून इंचराने तिला काढलं.

आणि तरीही बातम्या जातच राहिल्या.

घरात एक यंत्र होतं. झाडू मारणारं, गोल, काळं, चपटं. रुद्रेशने तिच्या वाढदिवसाला आणलं होतं आणि सगळे त्याला कासव म्हणत. पहिल्या दिवसापासून त्याची वाटणी ठरून गेली होती. चालवायचं रुद्रेशने, निस्तरायचं इंचराने. तो ऑफिसात बसून फोनवर बोट टेकवायचा की कासव घरभर फिरायला लागायचं. त्याची धूळपेटी उपसणं, गाळणी धुऊन सावलीत वाळवणं, पुढचं चिमुकलं चाक उचकटून त्यातला गुंता काढणं, ही कामं तिची. इंचराचे केस कमरेखाली येत. ते ब्रशाच्या रुळाला सुतासारखे गुंडाळले जायचे आणि कासव मध्येच अडून पडायचं. मग रुद्रेश चारचौघांत म्हणायचा, "माझं यंत्र हिच्या केसांनी मरणार आहे." लोक हसायचे. तीही हसायची.

तो गेल्यावरही कासव रोज सकाळी दहाच्या सुमाराला फिरायचं. ती तेव्हा कामावर असायची. संध्याकाळी येऊन बघावं तर फरशी लख्ख आणि पेटी भरलेली. जुनं लावून ठेवलेलं वेळापत्रक असेल, असं धरून तिने कधी विचार केला नाही. तिच्या फोनवर त्याचं काही नव्हतंच. फारच गरज पडली तर ती त्याच्या पाठीवरचं बटण दाबायची.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी ती कासव मांडीवर उताणं घेऊन बसली होती. दोन्ही खिट्या दाबून तिने रूळ बाहेर काढला होता आणि प्रयोगशाळेतल्या बारीक कात्रीने त्यावरचे केस कापत होती. एवढ्यात कासव बोललं. आतल्या बाईने नेहमीच्या गोड आवाजात सफाई सुरू करत असल्याचं सांगितलं. दोन्ही चाकं हवेत गरगरली, उलट्या कासवाने पाय मारावेत तशी. मग ती बाई म्हणाली, यंत्र जमिनीवर ठेवा.

इंचराचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. बटणाला तिने हात लावला नव्हता. रविवारची दुपार, दहा कधीच वाजून गेलेले. ती त्या गरगरणाऱ्या चाकांकडे पाहत राहिली. चाकं थांबली, आणि थोड्या वेळाने पुन्हा फिरली. कोणीतरी कुठेतरी बसून दुसऱ्यांदा बोट टेकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने शेजारच्या टेबलावरच्या मल्लिकाला विचारलं. मल्लिकाकडे तसंच यंत्र होतं. तिने स्वतःचा फोन पुढे धरला. त्यावर मल्लिकाच्या घराचा नकाशा होता. भिंती, दारं, कोणती खोली बंद आहे ते, पलंगाचे चार पाय, जेवणाच्या टेबलाखालच्या खुर्च्या, सगळं. एका कोपऱ्यात चपलेचं चित्र होतं. मल्लिकाने त्यावर बोट ठेवलं तर खऱ्या चपलेचा फोटो उघडला, जमिनीला नाक लावून काढल्यासारखा. अडखळू नये म्हणून पुढच्या बारीक डोळ्याने ते असं टिपून ठेवतं, असं तिने सांगितलं.

"हे कोणाकोणाला दिसतं?" इंचराने विचारलं.

"ज्याच्या नावावर जोडलंय त्याला. का गं, तुझं कोणाच्या नावावर आहे?"

इंचराने डोळ्याला पुन्हा भिंग लावलं. मल्लिकाला मग आपोआपच समजलं. तिने फोनवरच्या चित्रात यंत्राची दोन बटणं दाखवली. ती एकत्र दाबून धरली की जुन्या धन्याचा धागा तुटतो. आज घरी गेल्या गेल्या कर, म्हणाली.

संध्याकाळी इंचरा कासवासमोर उकिडवी बसली. दोन बोटं त्या दोन बटणांवर ठेवली. तिच्या डोळ्यांपुढे रत्नम्मा उभी राहिली, ओट्यावर किल्ली ठेवणारी. बिचारीने तोंडातून शिवीही काढली नव्हती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि तो कापताना रुद्रेशने सुरी इंचराच्या हातात दिली होती. धागा तोडला तर त्याला कळेल, की हिला कळलं. मग तो हात झटकून मोकळा होईल. तिने बोटं उचलली.

इतके महिने तो तिचं घर वाचत होता. आता काय वाचायला द्यायचं ते ती ठरवणार होती.

आधी तिने परीक्षा घेतली. जेवणाच्या टेबलाच्या चारही खुर्च्या देवघरासमोर एका ओळीत मांडून ती कामावर गेली. दोन दिवसांनी गिरिजम्मांनी सहज विचारावं तसं विचारलं, घरात पूजाबिजा होती का, पाहुणे होते का? इंचरा म्हणाली, "नाही अत्ते, कोण येणार माझ्याकडे?" आणि फोन ठेवून ती बराच वेळ नुसती हसत बसली.

मग तिने माळा उघडला. एका पोत्यात रुद्रेशचे लग्नातले बूट होते. चित्रदुर्गच्या चांभाराकडून मुद्दाम करून घेतलेले, तपकिरी. त्याच्या डाव्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, म्हणून डावा बूट कडेला फुगवून शिवला होता. लग्नात पायाला लागले म्हणून त्याने ते पुन्हा घातलेच नव्हते. आपल्या कुठल्याच वस्तूची त्याला कधी आठवण नसायची. त्या ठेवायच्या, पुसायच्या, शोधून द्यायच्या त्या तिने. तिने बूट घासले, काळं पॉलिश तीन वेळा चढवलं, नव्या जाड नाड्या ओवल्या. दात करताना शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळेपर्यंत ती उठत नसे. तसेच ते बूट तिने केले.

पहिल्या दिवशी ते दाराशी ठेवले. दुसऱ्या दिवशी काहीच ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांच्या खोलीतल्या खाटेखाली, एक सरळ आणि एक कलंडलेला, घाईत काढल्यासारखा. एके दिवशी खाटेशेजारी जमिनीवर स्टीलचे दोन पेले ठेवले. रोज सकाळी निघण्याआधी ती घरभर नजर फिरवायची आणि आज कुठे, याचा विचार करायची. नव्या नवरीने रांगोळी काढावी तशी तिला त्याची गोडी लागली. प्रयोगशाळेत मल्लिका म्हणाली, हल्ली तुझ्या चेहऱ्यावर तेज आलंय.

गिरिजम्मांचे फोन थांबले. त्या बाईला गप्प बसवेल अशी गोष्ट म्हणजे केवढी मोठी असणार. कासव आता वेळीअवेळी निघायला लागलं. पहाटे इंचरा अंथरुणात असताना ते गुरगुरत बोळातून वडिलांच्या खोलीकडे जायचं, बुटांसमोर थबकायचं, त्याचा बारीक दिवा लुकलुकायचा, मग पुन्हा फिरून दुसऱ्या बाजूने बघायचं. म्हणजे तिकडे आईच्या घरी तोही झोपलेला नव्हता. इंचरा उशीत तोंड खुपसून हसायची. तळमळ, म्हणायची मनात, अजून तळमळ.

दसऱ्यानंतर दोड्डप्पांचा फोन आला. मरुळसिद्दप्पा म्हणजे रुद्रेशचे थोरले काका. घराण्यातला कोणताही तंटा त्यांच्यापुढे यायचा. ते संकोचून म्हणाले, की रुद्रेशला सोडचिठ्ठी हवी आहे आणि दोष तुझ्यावर ठेवून हवी आहे. शिवमोग्ग्याच्या एका स्थळाशी त्याचं बोलणं चाललं होतं, तिकडच्यांना कारण पटायला हवं होतं. तो तुझ्याबद्दल भलतंसलतं बोलतोय, पोरी. बसून बोलू.

"बसू या," इंचरा म्हणाली. "पण माझ्या घरी बसू. भलतंसलतं इथेच असेल ना? मग इथेच बघा."

बैठकीच्या आदल्या दिवशी ती रत्नम्माच्या घरी गेली. रत्नम्माने तिला उंबऱ्याच्या आत बोलावलं नाही. इंचराने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, हात जोडले, चूक माझी म्हणाली. उद्या तो नाव घेईल तर तुझंच घेईल, दुसऱ्या कोणाचं घेऊच शकत नाही, तेव्हा तू तिथे हवीस, असंही सांगितलं. रत्नम्माने सुपातले तांदूळ निवडून संपवले. मग म्हणाली, "तुमच्यासाठी नाही येणार. माझ्या नावासाठी येईन."

रविवारी सकाळी इंचराने पुरण वाटून होळिगे केल्या, अंबाड्याची पचडी केली, कॉफीचं डिकॉक्शन पाडून ठेवलं. कासवाचा रूळ काढून त्याला आपले विंचरलेले केस आणि जाड दोरा आतून गुंडाळला. किती गुंडाळला की ते पंधरावीस पावलं जाईल आणि अडेल, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. बूट वडिलांच्या खाटेखाली ठेवले. रत्नम्मा येऊन स्वयंपाकघरात बसली होती.

दोड्डप्पा आले, कपाळाला विभूती, हातात काठी. गिरिजम्मा आल्या, त्यांनी पाणीही घेतलं नाही. रुद्रेश आला आणि आपल्याच सोफ्यावर पाहुण्यासारखा टोकाला बसला. तो वाळला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते पाहून इंचराला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय याची तिला लाजही वाटली नाही.

दोड्डप्पांनी बोल म्हटल्यावर रुद्रेश बोलायला लागला. आधी अडखळत, मग धबधब्यासारखा. हिच्याकडे एक माणूस येतो. हिच्या बापाच्या खोलीत झोपतो. त्याचे काळे बूट असतात, कधी दाराशी, कधी खाटेखाली. दोन पेले असतात. मी हवेत बोलत नाही.

दोड्डप्पांनी इंचराकडे पाहिलं. ती उठली. जाता जाता पायाच्या अंगठ्याने तिने कासवाचं बटण दाबलं, जरा धूळ आहे म्हणाली. खोलीतून बूट आणून तिने ते सगळ्यांच्या मधोमध ठेवले.

"हेच का?"

"हेच," रुद्रेश म्हणाला. त्याचा आवाज चढला. "बघा दोड्डप्पा, तिने स्वतः आणून ठेवले. हाच डावा बूट, कडेला फुगलेला. कसले पाय आहेत त्या रेड्याचे कोण जाणे."

गिरिजम्मा पुढे वाकल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी डावा बूट उचलला, आत हात घातला, शिवणीवरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "रुद्रा, हे तुझे आहेत. लग्नातले. मीच तुला घेऊन गेले होते चांभाराकडे."

कासव गुरगुरत वडिलांच्या खोलीत शिरलं. मग दोड्डप्पांनी शांतपणे विचारलं, "तू उगादीपासून इथे आला नाहीस असं मला सांगितलंस. मग डावा बूट फुगलेला आहे हे तुला कोणी सांगितलं?"

रुद्रेशने ओठ ओले केले. "ती कामवाली. रत्नम्मा. ती सांगते मला सगळं."

रत्नम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने कोणाला नमस्कार केला नाही. "मला श्रावणाआधीच काढलंय या घरातून," ती म्हणाली. "चुगली केली म्हणून काढलंय. हे बूट मी आज बघते आहे. माझ्या लेकरांची शपथ घालून हे पुन्हा बोला माझ्यासमोर."

त्याने मान फिरवली. आणि तेवढ्यात वडिलांच्या खोलीतून ती गोड आवाजाची बाई ओरडली, की ब्रश अडकला आहे, कृपया मदत करा. त्याच क्षणी रुद्रेशच्या खिशात फोन वाजला. त्याने वरूनच दाबून तो गप्प केला. आतून पुन्हा हाक आली. खिसा पुन्हा वाजला. कासवाला सोडवणारी बाई चार पावलांवर बसली होती, पण संकटात ते हाक मारत होतं आपल्या धन्याला.

दोड्डप्पांनी हात पुढे केला. "दे इकडे."

"ऑफिसचं काहीतरी आहे..."

"दे म्हणतो ना."

फोनवर घर उमटलं होतं. हॉल, बोळ, इंचराच्या वडिलांची खोली, खाटेचे चार पाय, आणि जागोजाग बुटांची चित्रं. दोड्डप्पांना ते समजायला वेळ लागला. इंचराने बोट ठेवून एकेक सांगितलं. ही मी झोपते ती खाट. हे त्या खोलीचं दार. हे तुमच्या पुतण्याचे बूट. हे मी ठेवलेले पेले. दोड्डप्पा ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू स्वतःच्याच सुनेच्या खोलीत चुकून पाऊल पडलं असावं. फोन त्यांनी आपल्याजवळ ठेवायलाही नको म्हणून सोफ्यावर टाकला.

"बायकोच्या निजायच्या जागी डोळा लावून बसलास," ते म्हणाले. "आणि पाहिलंस काय, तर स्वतःचे बूट."

रुद्रेश म्हणाला, मला काळजी वाटायची. यंत्र माझ्या पैशाचं आहे. ती एकटी असते. त्याचं एकही वाक्य पुरं झालं नाही, कारण गिरिजम्मा तोंडाला पदर लावून रडायला लागल्या होत्या आणि त्याच्याकडे बघत नव्हत्या.

दोड्डप्पांनी मग इंचराला विचारलं, काय हवंय तुला? माफी मागायला सांगू?

"माफी नको," ती म्हणाली. "ती तोंडाने मागता येते." ती आत गेली, अडलेलं कासव घेऊन आली आणि रुद्रेशच्या पायाशी उलटं ठेवलं. शेजारी कात्री ठेवली. "याचं यंत्र माझ्या केसांनी अडलंय. हे आणल्यापासून मी काढत आले. आज याला काढू दे. इथे, सगळ्यांसमोर."

रुद्रेशने काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते. तो खाली बसला. खिट्या कुठे आहेत हे त्याला माहीत नव्हतं. त्याने इकडे दाबलं, तिकडे दाबलं. कोणी मदत केली नाही. शेवटी रूळ निघाला तेव्हा त्याच्या विजारीवर धूळ सांडली. तो लांब काळे केस बोटांनी ओढायला लागला, ते तुटेनात, घामाने बोटांना चिकटायला लागले. रत्नम्मा भिंतीला टेकून पाहत होती. इंचराने सगळ्यांना कॉफी दिली. त्याचा पेला तिने त्याच्याजवळ जमिनीवर ठेवला, त्या दोन पेल्यांतलाच एक. त्याने तो ओळखला असावा, कारण त्याने घोटही घेतला नाही. शेवटचा केस निघेपर्यंत ती समोर खुर्चीवर बसून होती. तिने घाई केली नाही.

पुढचं सगळं सरळ झालं. दोघांच्या संमतीने सोडचिठ्ठी झाली, दोषाचा शब्द कुठे आला नाही. मल्लिकाने घरी येऊन ती दोन बटणं दाबली आणि कासव इंचराच्या नावावर केलं. रत्नम्माला मात्र तिने पुन्हा ये म्हटलं तेव्हा ती आली नाही. "तुमचा सूड पुरा झाला," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभ्या होतात. ती पाठ मला रोज दिसेल." तिने दुसरं घर धरलं होतं. ते दुःख इंचराने पदरात घेतलं.

रुद्रेशबद्दल तिला दुःख झालं नाही. उलट, मल्लिका आता पुरे कर म्हणत असताना तिने शिवमोग्ग्याच्या त्या मुलीच्या आईचा नंबर मिळवला आणि फोन केला. कुठेही मीठमसाला न लावता जे घडलं तेवढंच सांगितलं. पलीकडची बाई शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, तुम्ही हे मला का सांगताय?

इंचराने जरा विचार केला. "तुमच्या मुलीसाठी असं म्हणू शकले असते," ती म्हणाली, "आणि तेही थोडं आहेच. पण खरं सांगायचं तर जास्त माझ्या रागासाठी."

ती बाई म्हणाली, "असू दे. खरं बोललात." ते लग्न मोडलं. बातमी आली तेव्हा इंचरा टेबलावर कोणाची तरी दाढ घासत होती. तिने भिंग काढलं, हात धुतले, अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली आणि उन्हाच्या पट्ट्यात, हॉलमधल्या खाटेवर, संध्याकाळपर्यंत गाढ झोपली.